चित्रपट डिस्क रिपिंग

चित्रपट डिस्क रिपिंग म्हणजे विकत घेतलेल्या व्हिडिओ सीडी, डीव्हीडी, ब्ल्यू-रे किंवा अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे डिस्कवरील चित्रपट संगणकाच्या साहाय्याने वाचून तो हार्ड डिस्कवर, बहुधा एकाच फाइलच्या रूपात, उतरवून घेण्याची प्रक्रिया होय. अशी फाइल घरातील दूरचित्रवाणी संचावर, प्रोजेक्टरवर किंवा होम थिएटरवर डिस्क न घालता थेट लावता येते.

वरवर पाहता हे साधे नक्कल करण्याचे काम वाटते. परंतु चित्रपटाची डिस्क ही एक फाइल नसते. तिच्यावर चित्राचे अनेक तुकडे, निरनिराळ्या भाषांतील ध्वनिपट्ट्या, उपशीर्षके, मेनू, प्रकरणांच्या खुणा आणि हे सर्व कोणत्या क्रमाने दाखवायचे याच्या सूचना असतात. बहुतेक व्यावसायिक डिस्कवर शिवाय कूटबद्ध कुलूपही असते. त्यामुळे एक फाइल तयार करताना काय ठेवायचे, काय वगळायचे आणि चित्राचा व ध्वनीचा दर्जा कितपत राखायचा हे ठरवावे लागते. कायद्याच्या दृष्टीनेही यात दोन वेगळे प्रश्न येतात: प्रत काढण्याचा आणि कुलूप उघडण्याचा. अनेक देशांत या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

नाव आणि प्रकार

'रिप' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ओरबाडून किंवा फाडून काढणे असा आहे. १९९०च्या दशकात संगीताच्या सीडीवरील गाणी संगणकावर उतरवून घेण्याला हा शब्द रूढ झाला आणि पुढे तो चित्रपटांच्या डिस्कलाही लावला जाऊ लागला. मराठीत 'डिस्क रिप करणे' असाच प्रयोग प्रचलित आहे. रिपिंगचे सर्वसाधारणपणे तीन प्रकार केले जातात.

डिस्क-प्रतिमा: संपूर्ण डिस्कची, मेनू व पूरक चित्रफितींसह, जशीच्या तशी प्रत. ही सहसा आयएसओ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतात. यात काहीच गमावले जात नाही; मात्र ती लावण्यासाठी मेनू समजणारे वादक सॉफ्टवेअर लागते.

रीमक्स: डिस्कवरील मुख्य चित्रपटाचे चित्र, निवडक ध्वनिपट्ट्या व उपशीर्षके मूळ स्वरूपातच उचलून नव्या कंटेनरमध्ये, म्हणजे त्यांना एकत्र बांधणाऱ्या फाइल-प्रकारात, भरणे. चित्र व ध्वनी यांच्या दर्जात कोणताही बदल होत नाही. बदलते ती केवळ बांधणी.

पुनर्संकेतन: चित्र पुन्हा नव्याने दाबून फाइलचा आकार कमी करणे. यात दर्जाचा काही अंश कायमचा गमावला जातो आणि तो नंतर परत मिळवता येत नाही.

डिस्कची रचना

व्हिडिओ सीडीचे मानक १९९३ मध्ये ठरले. तिच्यावरील चित्र एमपीईजी-१ पद्धतीने दाबलेले असून त्याचा आकार पाल पद्धतीत ३५२ × २८८ बिंदूंचा असतो. एका डिस्कवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते. अडीच तासांचा भारतीय चित्रपट त्यामुळे दोन किंवा तीन डिस्कमध्ये विभागलेला असे आणि अशा डिस्क रिप करताना हे भाग एकत्र जोडावे लागतात. व्हिडिओ सीडीच्या मानकात कूटबद्ध कुलपाची तरतूद नाही. तिच्यावरील चित्राच्या भागाला त्रुटी दुरुस्त करण्याची वाढीव सोयही नसते, म्हणून ओरखडे पडलेल्या डिस्कमधून प्रत काढताना चित्रात चौकोन दिसणे किंवा आवाज तुटणे हे प्रकार अधिक आढळतात.

डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये व १९९७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी, तर दोन थरांच्या डिस्कची ८.५ जीबी असते. चित्र एमपीईजी-२ पद्धतीचे असून पाल पद्धतीत ७२० × ५७६ आणि एनटीएससी पद्धतीत ७२० × ४८० बिंदूंचे असते. एका डीव्हीडीवर आठपर्यंत ध्वनिपट्ट्या आणि बत्तीसपर्यंत उपशीर्षकपट्ट्या ठेवता येतात. चित्रपट 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलींच्या रूपात असतो. यांपैकी कोणतीही फाइल १ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नसल्याने एकच चित्रपट पाच-सहा फाइलींत विखुरलेला दिसतो. प्रकरणे, भाषा व क्रम यांची माहिती आयएफओ नावाच्या वेगळ्या फाइलींत असते. केवळ व्हीओबी फाइली उचलून हार्ड डिस्कवर टाकल्यास ही माहिती मागेच राहते.

ब्ल्यू-रे डिस्क २००६ मध्ये बाजारात आली. डीव्हीडी वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर लागतो, तर ब्ल्यू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेझर वापरला जातो. तरंगलांबी कमी असल्याने अधिक बारीक खुणा वाचता येतात आणि एका थरावर २५ जीबी, तर दोन थरांवर ५० जीबी माहिती मावते. चित्र १९२० × १०८० बिंदूंपर्यंतचे असून ते एच.२६४, व्हीसी-१ किंवा एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेले असते. २०१६ मध्ये आलेल्या अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेवर ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र एचईव्हीसी पद्धतीने साठवले जाते. या डिस्कची क्षमता १०० जीबीपर्यंत असते.

ब्ल्यू-रेवरील चित्रपट 'प्लेलिस्ट'वर चालतो. मूळ आवृत्ती व दिग्दर्शकाची विस्तारित आवृत्ती एकाच डिस्कवर असल्यास दोन्हींना समान असलेले तुकडे एकदाच साठवलेले असतात आणि प्लेलिस्ट ते योग्य क्रमाने जोडते. म्हणून सर्वांत मोठी फाइल म्हणजे पूर्ण चित्रपट, असे गृहीत धरता येत नाही. काही डिस्कवर प्रत काढणाऱ्याची दिशाभूल व्हावी यासाठी तुकड्यांचा क्रम चुकवलेल्या शेकडो खोट्या प्लेलिस्टही घातलेल्या असतात. अशा वेळी डिस्क अधिकृत वादकात लावून प्रत्यक्षात कोणती प्लेलिस्ट चालते ते पाहणे हा खात्रीचा उपाय ठरतो.

कुलपे आणि त्यांचा इतिहास

डीव्हीडीवरील कुलपाला कन्टेन्ट स्क्रँबल सिस्टम, संक्षेपाने सीएसएस, म्हणतात. त्यात ४० बिटांची किल्ली वापरली जाते. ही किल्ली डिस्कच्या आतील कडेजवळच्या अशा भागात असते, की कोऱ्या डीव्हीडीवर तो भाग लिहिता येत नाही. साहजिकच फाइलींची जशीच्या तशी नक्कल करूनही ती प्रत चालत नाही. परवानाधारक वादक उत्पादकांनाच किल्ल्या दिल्या जात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात लिनक्स वापरणाऱ्यांना स्वतः विकत घेतलेली डीव्हीडीसुद्धा आपल्या संगणकावर पाहता येत नसे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारी 'डीसीएसएस' ही आज्ञावली इंटरनेटवर प्रसिद्ध झाली. तिच्या निर्मितीत सहभागी असलेला नॉर्वेतील यॉन लेक योहानसेन तेव्हा १५ वर्षांचा होता. त्याच्यावर नॉर्वेत खटला भरण्यात आला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लो येथील न्यायालयाने आणि डिसेंबर २००३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. कायदेशीरपणे विकत घेतलेल्या डिस्कवरील आशय पाहण्याचा हक्क खरेदीदाराला आहे, हा विचार या निकालात मध्यवर्ती होता. अमेरिकेत मात्र उलट घडले. ही आज्ञावली प्रसिद्ध करणाऱ्या '२६००' या नियतकालिकाविरुद्ध चित्रपट कंपन्यांनी दाखल केलेल्या दाव्यात २००० मध्ये न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २००१ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

ब्ल्यू-रेसाठी एएसीएस ही १२८ बिटांच्या किल्ल्यांवर आधारित, अधिक कणखर पद्धत योजली गेली. एखाद्या वादकाची किल्ली फुटली, तर पुढे निघणाऱ्या डिस्कद्वारे ती रद्द करण्याची सोय तिच्यात आहे. त्यामुळे जुने सॉफ्टवेअर नव्या डिस्क वाचू शकत नाही आणि ते सतत अद्ययावत ठेवावे लागते. मे २००७ मध्ये यातील एक किल्ली इंटरनेटवर पसरली. ती काढून टाकण्याच्या नोटिसा निघताच 'डिग' या संकेतस्थळाच्या सदस्यांनी ती हजारो वेळा पुन्हा प्रसिद्ध केली. काही ब्ल्यू-रे डिस्कवर याखेरीज बीडी-प्लस नावाचे दुसरे संरक्षण असते. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेसाठी एएसीएसची दुसरी आवृत्ती वापरली जाते आणि संगणकाचे मोजकेच ड्राइव्ह अशा डिस्क रिप करण्यास उपयोगी पडतात.

'सिनाव्हिया' हे संरक्षण वेगळ्या जातीचे आहे. ते कुलूप नसून ध्वनीत मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण आहे. पुनर्संकेतन केल्यानंतरही ती टिकून राहते. २०१२ पासूनच्या परवानाधारक ब्ल्यू-रे वादकांत ही खूण ओळखण्याची सोय सक्तीची असल्याने, रिप केलेली फाइल अशा वादकावर लावल्यास काही मिनिटांनी आवाज किंवा चित्र बंद पडू शकते. संगणकावरील बहुतेक मुक्त वादक सॉफ्टवेअर ही खूण तपासत नाही.

प्रादेशिक विभाग

डीव्हीडीच्या मानकात जगाचे प्रदेश पाडलेले आहेत. अमेरिका प्रदेश १ मध्ये, पश्चिम युरोप व जपान प्रदेश २ मध्ये, तर भारत प्रदेश ५ मध्ये येतो. ब्ल्यू-रेसाठी ए, बी व सी असे तीनच प्रदेश असून भारत सी प्रदेशात आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांनी आणलेली प्रदेश १ची डीव्हीडी भारतातील वादकावर चालत नाही, याचे कारण हेच. २००० पासून बनलेल्या संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये प्रदेश केवळ पाच वेळा बदलता येतो; शेवटच्या बदलानंतर तो कायमचा ठरतो. रिप केलेल्या फाइलमध्ये प्रदेशाची अट उरत नाही, म्हणून वेगवेगळ्या देशांत खरेदी केलेल्या डिस्कचा संग्रह असणाऱ्यांना ही प्रक्रिया विशेष उपयोगी वाटते. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेवर प्रादेशिक विभागणी नाही.

प्रक्रिया

रिपिंगसाठी डिस्क वाचणारा ड्राइव्ह, पुरेशी मोकळी जागा असलेली हार्ड डिस्क आणि योग्य सॉफ्टवेअर लागते. डिस्कवरील आशय उलगडून तो पुनर्संकेतन न करता एमकेव्ही फाइलमध्ये भरण्यासाठी 'मेकएमकेव्ही' हे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. २००३ पासून विकसित होत असलेले 'हँडब्रेक' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पुनर्संकेतनासाठी आहे. ते स्वतः डिस्कवरील कुलूप उघडत नाही. कामाचे टप्पे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात.

१. डिस्क मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसली जाते. गोलाकार पुसल्यास पडणारा ओरखडा डिस्कवरील माहितीच्या मार्गालाच समांतर जातो आणि अधिक नुकसान करतो.

२. सॉफ्टवेअर डिस्कवरील शीर्षकांची यादी दाखवते. चित्रपटाच्या ज्ञात कालावधीशी जुळणारे शीर्षक निवडले जाते.

३. हव्या त्या ध्वनिपट्ट्या व उपशीर्षके निवडली जातात. मूळ भाषेची पट्टी ठेवणे आणि दिग्दर्शकाच्या समालोचनाची पट्टी ओळखणे याच टप्प्यावर करावे लागते.

४. फाइल तयार होते. ड्राइव्हच्या वेगानुसार डीव्हीडीसाठी साधारण १५ ते ३० मिनिटे, तर ब्ल्यू-रेसाठी अर्धा ते एक तास लागतो.

५. फाइल तपासली जाते. कालावधी जुळतो का, शेवटचे प्रकरण पूर्ण आहे का, आवाज व ओठांची हालचाल जुळते का आणि दोन थरांच्या डिस्कमध्ये थर बदलतो त्या सुमारास चित्र तुटत नाही ना, हे पाहिले जाते.

तपासणीचा टप्पा अनेकदा वगळला जातो. पण डिस्क खराब झाल्यावर किंवा देऊन टाकल्यावर लक्षात आलेली चूक दुरुस्त करता येत नाही.

कंटेनर

एका फाइलमध्ये चित्र, अनेक ध्वनिपट्ट्या, उपशीर्षके व प्रकरणांच्या खुणा एकत्र ठेवण्यासाठी मुख्यतः दोन कंटेनर वापरले जातात. मात्रोस्का हा मुक्त कंटेनर डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाला. त्याच्या फाइलला एमकेव्ही म्हणतात. एकात एक बसणाऱ्या 'मात्र्योश्का' या रशियन बाहुल्यांवरून हे नाव आले आहे. डिस्कवर आढळणारे जवळपास सर्व प्रकारचे चित्र, ध्वनी व उपशीर्षके त्यात मूळ स्वरूपात राहू शकतात. एमपी४ हा कंटेनर मोबाइल, टॅब्लेट व दूरचित्रवाणी संचांवर अधिक सहजपणे चालतो, परंतु ब्ल्यू-रेवरील चित्ररूप उपशीर्षके त्यात वेगळ्या पट्टीच्या रूपात ठेवता येत नाहीत. होम थिएटरच्या संग्रहासाठी म्हणून एमकेव्ही आणि प्रवासात पाहण्यासाठी एमपी४, अशी विभागणी रूढ झाली आहे.

पुनर्संकेतन

रीमक्स केलेली डीव्हीडी सहसा ४ ते ८ जीबी, ब्ल्यू-रे २० ते ४० जीबी आणि अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे ५० ते ९० जीबी जागा घेते. जागा वाचवण्यासाठी चित्र एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने पुन्हा दाबता येते. यासाठी फाइलचा आकार आधी न ठरवता दर्जाचा अंक ठरवणे अधिक योग्य मानले जाते. हँडब्रेकच्या मार्गदर्शिकेत डीव्हीडीसाठी १८ ते २२, १०८० ओळींच्या चित्रासाठी २० ते २४ आणि २१६० ओळींच्या चित्रासाठी २२ ते २८ अशी श्रेणी सुचवलेली आहे. अंक जितका लहान तितका दर्जा उच्च आणि फाइल मोठी. चित्रफितीचे दाणे स्पष्ट दिसणारे जुने चित्रपट त्याच अंकाला बरीच जास्त जागा घेतात, कारण प्रत्येक चौकटीतील दाणे वेगळे असल्याने ते दाबणे कठीण जाते. दाणे पुसून टाकल्यास फाइल लहान होते. पण त्यांच्यासोबत चेहऱ्याचा व कापडाचा पोतही पुसला जातो.

डीव्हीडीच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे इंटरलेस्ड चित्र. व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या कार्यक्रमात प्रत्येक चौकट दोन अर्ध्या क्षेत्रांची बनलेली असते आणि पाल पद्धतीत सेकंदाला अशी ५० क्षेत्रे येतात. मराठी नाटकांच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या डीव्हीडी या प्रकारात मोडतात. असे चित्र आजच्या पडद्यावर तसेच दाखवल्यास हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. रिप करताना ही क्षेत्रे वेगळी करून सेकंदाला ५० पूर्ण चौकटी बनवल्यास हालचालीचा मूळ ओघ टिकतो. २५ चौकटी बनवल्यास निम्मी हालचाल जाते.

दुसरी गोष्ट वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो, तर पाल डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवला जातो. परिणामी १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि स्वराची उंची दुरुस्त केलेली नसल्यास गाणी किंचित वरच्या पट्टीत ऐकू येतात. पाल डीव्हीडीवरून बनवलेल्या फाइलचा कालावधी चित्रपटाच्या नोंदवलेल्या कालावधीपेक्षा कमी भरला, तर तो प्रत्येक वेळी कापलेल्या दृश्यांचा पुरावा असतोच असे नाही.

ध्वनी आणि उपशीर्षके

ब्ल्यू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या ध्वनिपद्धतींत मूळ ध्वनीचा कोणताही अंश गमावला जात नाही. होम थिएटरसाठी रिप करणाऱ्यांचा कल म्हणूनच चित्राचे पुनर्संकेतन केले तरी ध्वनिपट्टी न बदलता ठेवण्याकडे असतो. मात्र ती पट्टी ध्वनी-रिसीव्हरपर्यंत अखंड पोहोचली पाहिजे. दूरचित्रवाणी संचातून एचडीएमआयच्या साध्या परतीच्या ध्वनिवाहिनीने आवाज पाठवल्यास हे ध्वनिप्रकार जात नाहीत. त्यासाठी दोन्ही उपकरणांत ई-आर्क ही सुधारित वाहिनी असावी लागते किंवा वादक उपकरण थेट रिसीव्हरला जोडावे लागते.

डीव्हीडी व ब्ल्यू-रेवरील उपशीर्षके मजकूर नसून छोटी चित्रे असतात. ती तशीच ठेवता येतात किंवा अक्षरओळख सॉफ्टवेअरने मजकुरात बदलता येतात. मजकूररूप उपशीर्षकांचा आकार व रंग बदलता येतो आणि त्यांत शोधही घेता येतो. परंतु अक्षरओळखीतील चुका हाताने तपासाव्या लागतात. जोडाक्षरे व मात्रांमुळे देवनागरीसाठी हे काम रोमन लिपीपेक्षा अधिक जिकिरीचे होते.

चित्रपटात एखादे पात्र परकी भाषा बोलते तेवढ्यापुरतीच दिसणारी 'सक्तीची उपशीर्षके' ही रिपिंगमध्ये सर्वाधिक वेळा हरवणारी गोष्ट होय. ती कधी स्वतंत्र पट्टीत, तर कधी पूर्ण उपशीर्षकपट्टीतच खूण केलेली असतात. ती सुटल्यास फाइल तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही काही प्रसंग प्रेक्षकाला कळत नाहीत.

साठवण आणि वादन

प्रत्येकी ६ जीबीच्या शंभर डीव्हीडींना सुमारे ६०० जीबी, तर प्रत्येकी ३० जीबीच्या शंभर ब्ल्यू-रे डिस्कना सुमारे ३ टीबी जागा लागते. घरातील एका संगणकावर किंवा नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीत फाइली ठेवून त्या निरनिराळ्या खोल्यांतील पडद्यांवर पाठवल्या जातात. त्यासाठी कोडी, प्लेक्स व जेलीफिन ही सॉफ्टवेअर वापरली जातात. कोडीची सुरुवात एक्सबॉक्स या खेळयंत्रावरील वादक म्हणून झाली. जेलीफिन २०१८ मध्ये एम्बी या प्रकल्पातून फुटून मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून सुरू झाले. फाइलच्या नावात चित्रपटाचे नाव व कंसात प्रदर्शनाचे वर्ष दिल्यास ही सॉफ्टवेअर पोस्टर व कलावंतांची माहिती आपोआप जोडतात. एकाच नावाचे अनेक चित्रपट असतात, म्हणून वर्षाची नोंद महत्त्वाची ठरते.

नेटवर्कचा वेगही विचारात घ्यावा लागतो. अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेचा प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, तर अनेक दूरचित्रवाणी संचांवरील तारेच्या नेटवर्क जोडणीची कमाल मर्यादा १०० मेगाबिट असते. अशा वेळी फाइल निर्दोष असूनही गडबडीच्या दृश्यांत चित्र अडखळते.

एकाहून अधिक हार्ड डिस्कची रेड रचना एक डिस्क बिघडल्यास माहिती वाचवते. मात्र चुकून पुसलेली फाइल, विजेचा झटका, चोरी किंवा आग यांपासून ती संरक्षण देत नाही. त्यामुळे दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मूळ डिस्क जपून ठेवल्यास तीच अंतिम राखीव प्रत ठरते आणि खरेदीचा पुरावाही.

कायदेशीर स्थिती

भारत: प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम ५२ अन्वये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेला न्याय्य वापर प्रताधिकाराचा भंग मानला जात नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर ही तरतूद संगणक आज्ञावली वगळता सर्व प्रकारच्या कृतींना लागू आहे. याच दुरुस्तीने कलम ६५अ समाविष्ट झाले. त्यानुसार, अधिकारांचा भंग करण्याच्या हेतूने परिणामकारक तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. 'भंग करण्याचा हेतू' ही अट आणि अधिनियमाने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेल्या कृतींना दिलेली सूट, यांमुळे भारतीय तरतूद अमेरिकी कायद्यापेक्षा सौम्य समजली जाते. दुसऱ्याला कुलूप उघडण्यास साहाय्य करणाऱ्याने मात्र त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व कारण यांची पूर्ण नोंद ठेवणे बंधनकारक आहे. न्याय्य वापर कोणता, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. प्रत विकणे, भाड्याने देणे किंवा इंटरनेटवर चढवणे यांना खाजगी वापराचे संरक्षण नाही. प्रताधिकार भंगासाठी कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

अमेरिका: १९९८च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टनुसार कुलूप उघडणे आणि ते उघडणारे साधन पुरवणे या दोन्हींना, हेतू कोणताही असला तरी, सामान्यतः बंदी आहे. दर तीन वर्षांनी काही अपवाद जाहीर होतात. अध्यापन व समीक्षेसाठी छोटे उतारे घेण्यास सूट मिळाली आहे. घरगुती वापरासाठी संपूर्ण चित्रपटाची प्रत काढू देण्याची मागणी मात्र वारंवार नाकारली गेली आहे. डीव्हीडीची प्रत काढणारे सॉफ्टवेअर विकणारी ३२१ स्टुडिओज ही कंपनी न्यायालयाच्या मनाईनंतर २००४ मध्ये बंद पडली. रिअलनेटवर्क्स कंपनीच्या 'रिअलडीव्हीडी'वर २००९ मध्ये मनाई आली. होम थिएटरसाठी डीव्हीडी साठवून दाखवणारी महागडी यंत्रणा बनवणाऱ्या कॅलाइडस्केप कंपनीविरुद्ध २००४ मध्ये सुरू झालेला दावा दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. तिच्या यंत्रणेत डिस्कची प्रत कुलपासह साठवली जात असूनही परवाना-कराराचा भंग झाल्याचा आरोप तिला टाळता आला नाही.

युरोप: जर्मनीत खाजगी प्रतीस परवानगी आहे, परंतु त्यासाठी परिणामकारक तांत्रिक संरक्षण मोडण्यास नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून खाजगी प्रत कायदेशीर झाली होती. जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली.

चित्रपट उद्योगाने अधिकृत पर्यायही पुढे आणले. डिस्क विकत घेणाऱ्याला ऑनलाइन प्रत देणारी 'अल्ट्राव्हायोलेट' सेवा २०११ मध्ये सुरू झाली आणि ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. अशा सेवांवरील प्रत सेवा चालू असेपर्यंतच हाती असते, हा मुद्दा रिपिंगचे समर्थक नेहमी मांडतात. कुलूप नसलेली फाइल सहजपणे इतरांच्या हाती जाते व त्यातून पायरसीला वाट मिळते, हा उद्योगाचा प्रतिवाद असतो. घरापुरती काढलेली प्रत आणि मूळ डिस्क विकून किंवा परत करून जवळ ठेवलेली प्रत, यांतील फरक दोन्ही बाजूंना महत्त्वाचा वाटतो.

भारतीय संदर्भ

भारतात घरी चित्रपट पाहण्यासाठी व्हिडिओ सीडीचा प्रसार मोठा होता. २००० नंतरच्या दशकात मोझर बेअर कंपनीने व्हिडिओ सीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास सुरुवात केल्याने अधिकृत डिस्क मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या. ही कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. कंपन्या बंद पडल्या, हक्क हस्तांतरित झाले आणि प्रेक्षक इंटरनेटवरील सेवांकडे वळले. त्यामुळे त्या काळातील अनेक डिस्कच्या नव्या प्रती बाजारात येत नाहीत. घरातील कपाटात असलेली जुनी डिस्क हीच काही चित्रपट व नाटके पाहण्याची सोयीची वाट उरते.

डिस्क मात्र चिरंतन नसतात. परावर्तक थराचे गंजणे, थर जोडणारा डिंक सुटणे, उष्णता, दमट हवा आणि ओरखडे यांमुळे त्या वाचता येईनाशा होतात. वाचणारी उपकरणेही कमी होत आहेत: ओप्पो कंपनीने २०१८ मध्ये नवे वादक विकसित करणे थांबवले, तर नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क ड्राइव्ह क्वचितच असतो.

मर्यादा

रिपिंग हे चित्रपटाच्या अभिलेखीय जतनाचा पर्याय नाही. डिस्कवरील चित्र हे मूळ चित्रफितीवरून आधीच दाबून काढलेले असते. व्हिडिओ सीडीवरील ३५२ × २८८ बिंदूंचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले, तरी त्यात नसलेला तपशील निर्माण होत नाही. मूळ निगेटिव्ह किंवा प्रिंटवरून उच्च दर्जाची प्रत काढण्याचे काम पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांचे असते. घरगुती फाइल ती जागा घेऊ शकत नाही.

मुख्य चित्रपटाची एक फाइल बनवताना मेनू, निर्मितीविषयीच्या चित्रफिती, मुलाखती व वगळलेली दृश्ये मागे राहतात. अनेकदा ही सामग्री डिस्कशिवाय अन्यत्र कोठेही प्रसिद्ध झालेली नसते. जागा उपलब्ध असल्यास दुर्मीळ डिस्कची संपूर्ण प्रतिमा, नेहमी पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांचे रीमक्स आणि प्रवासासाठी पुनर्संकेतित प्रत, अशी विभागणी संग्राहक करतात. रीमक्सवरून लहान फाइल केव्हाही बनवता येते; लहान फाइलवरून रीमक्स बनवता येत नाही.